मॅचलेसची दांडी

हे मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. माझ्या घरात, माझ्यासोबत घडलंय. पटलं तर घ्या, नाही पटलं तर सोडून द्या, माझा राग नाही. मीही तुमच्या जागी असतो तर हसलोच असतो.

मी पृथ्वीराज. वय एक्केचाळीस. राहणार गडमुडशिंगी. मी शाळेची व्हॅन चालवतो. रोज सकाळी गावातली चौदा मुलं कोल्हापुरात सोडायची आणि दुपारी परत आणायची. बारा वर्षांत व्हॅनला साधा ओरखडा नाही. आयाबाया डोळे झाकून पोरं माझ्या ताब्यात देतात, आणि त्यावरच माझं घर चालतं.

तारीख पक्की आठवते. गेल्या वर्षीची दिवाळी झाली आणि त्यानंतरचा पहिला सोमवार.

सकाळचे पावणेसहा.

आमच्या घरामागं पत्र्याचं शेड आहे. आत माझ्या चुलत्यांची, आकाराम नानांची, मोटारसायकल असते. मॅचलेस. विलायती, एकाच सिलिंडरची, माझ्या वडिलांपेक्षा वयानं मोठी. नाना जाऊन दहा वर्षं झाली. त्याच्या कितीतरी आधीपासून ती ताडपत्रीखाली पडून होती. दसऱ्याला मी गौसचाचांना बोलावलं. ते नानांच्या वेळेपासूनचे गाडीचे मिस्त्री. चार दिवस खपून त्यांनी ती चालू करून दिली.

नाना एसटीत ड्रायव्हर होते. सुट्टी असली की मला मागं बसवून मलकापूरपर्यंत न्यायचे. काय आवाज होता त्या गाडीचा... डुग... डुग... डुग... दोन ठोक्यांच्या मध्ये वाटायचं, बंद पडली. तेवढ्यात पुढचा ठोका यायचा. मी नानांच्या पाठीला कान लावून बसायचो आणि तो आवाज त्यांच्या बरगड्यांतून ऐकायचो. तेवढं सुख मला पुढं कुठल्याच गाडीनं दिलं नाही.

"हिला लाथ मारायची न्हाय," नाना म्हणायचे. "अंगाचं वजन टाकायचं."

पण त्याआधी एक काम असतं. हँडलवर डाव्या बाजूला टायमिंगची छोटी दांडी आहे. किक मारताना ती मागं ओढलेली पाहिजे. गाडी चालू झाली की मग पुढं करायची. पुढं असताना किक मारली तर किक उलटी येते आणि पाय मोडतो. म्हणून नानांचा नियम होता. गाडी लावली की आधी दांडी मागं, मगच सीटवरून खाली.

मीही तसंच करायचो. रोज सकाळी व्हॅन काढायच्या आधी पाच मिनिटं मॅचलेस चालू करायची, आवाज ऐकायचा, बंद करायची. दांडी मागं घ्यायची.

त्या सोमवारी शेडमध्ये गेलो. दिवा लावला. पाय किकवर ठेवला...

आणि सहज हँडलकडं बघितलं.

दांडी पुढं होती.

म्हटलं, विसरलो असेन. माणूस आहे. दांडी मागं घेतली, गाडी चालू केली, बंद केली. निघताना दांडी मागं असल्याची परत खात्री केली.

मंगळवारी...

दांडी पुढं.

आणि पेट्रोलचा कॉक उघडा. कार्बोरेटर ओला, खाली दोन थेंब पडलेले. म्हणजे कुणीतरी गाडी किक मारण्यासाठी तयार करून ठेवली होती. सगळं बरोबर. फक्त दांडी तेवढी उलटी.

मी बायकोला, अनुजाला, विचारलं.

"माझ्या त्या सवतीला मी हात लावीन व्हय?" ती म्हणाली. मग चहा गाळता गाळता थांबली. "पर पहाटं शेडाकडं कोण गेलतं? पाय ओढत गेल्यागत वाजत हुतं. एक पाय वाजतोय... दुसरा घासत येतोय."



त्या रात्री शेडला कुलूप लावलं. किल्ली उशाखाली ठेवली. बुधवारी सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं. बाजूच्या गोठ्यात म्हशी उभ्या होत्या. एरवी माझी चाहूल लागली की ओरडतात. त्या दिवशी एकीनंही मान वळवली नाही.

कुलूप काढलं.

दांडी पुढं.

गौसचाचांना बोलावून घेतलं. त्यांनी दांडी चार वेळा मागंपुढं केली. स्क्रू तपासला.

"घट हाय. आपोआप हलायची न्हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडं बघून हळू आवाजात बोलले, "तूच इसरत असशील, बेटा. नानाचं पण असंच झालतं की."

खाई त्याला खवखवे म्हणतात. मी दांडीवरची नजर काढून घेतली.

कारण नाना विसरले नव्हते.

हे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. २००३ साल. मी वीस वर्षांचा होतो. नाना झोपलेले बघून पहाटे मॅचलेस ढकलत रस्त्यावर नेली आणि हुपरीच्या रस्त्याला फिरवून आणली. इतका खुशीत होतो की गाडी लावली आणि तसाच घरात पळालो. दांडी पुढंच राहिली.

अर्ध्या तासानं नाना ड्यूटीवर जायला निघाले. स्वतःच्या सवयीवर त्यांचा भरवसा होता. हँडलकडं न बघता त्यांनी अंगाचं वजन टाकलं.

ऊस मोडावा तसा आवाज आला.

मी दारात पोचलो तेव्हा नाना जमिनीवर होते. उजवा पाय नको तिथून वाकला होता. पण ते पायाकडं बघतच नव्हते. दांडीकडं बघत होते.

"मी इसरलो?" ते म्हणाले. मलाच विचारलं त्यांनी.

मी गप्प बसलो.

पाय सहा महिन्यांत जुळला. थोडा ओढत चालायचे एवढंच. पण नानांनी परत एसटीचं स्टिअरिंग धरलं नाही. सगळ्यांनी समजावलं. ते म्हणायचे, "आज दांडी इसरलो, उद्या बिरेक इसरीन. मागं पन्नास माणसं असत्यात." नोकरी गेली. अकरा वर्षं खाटेवर बसून राहिले आणि तसेच गेले. एक वाक्य बोललो असतो तर तो माणूस उठला असता. मी मार खायला भ्यालो. मग मार खायचं वय गेलं, तेव्हा लाजेला भ्यालो.

बुधवारी दुपारी पोरं घेऊन परत येताना उजळाईवाडीच्या पुढं माझ्या मनात आलं... मागचं दार लावलं का?

थांबलो. बघितलं. लावलेलं होतं.

दोन मिनिटांनी परत तेच. परत थांबलो.

तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा पुढं बसलेली चौथीतली तमन्ना म्हणाली, "काका, आत्ताच बघितलं की तुम्ही."

मला बघितल्याचं आठवत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी मोबाईल शेडच्या खिळ्याला टांगला. चार्जर लावला, दिवा चालू ठेवला आणि व्हिडिओ सुरू केला. म्हटलं, चोर असो, मांजर असो, नाहीतर आणखी कुणी, एकदा दिसू दे.

गुरुवारी सकाळी दांडी पुढंच होती. व्हिडिओ बघायला बसलो. सगळी रात्र काही नाही. गाडी, भिंत, दिवा. मी पुढं पुढं ढकलत गेलो.

पाच वाजून एकतीस मिनिटांनी कुलूप वाजलं.

दार उघडलं...

एक पाय वाजला. दुसरा घासत आला.

आत मी आलो होतो.

माझीच बनियन. माझाच चेहरा. डोळे उघडे. उजवा पाय ओढत मी गाडीजवळ गेलो. माझ्या पायाला काही झालेलं नाही, आजही नाही. मी कॉक उघडला. कार्बोरेटरची पिन दाबून पेट्रोल वर आणलं. मग दांडी पुढं ढकलली. आणि तिच्याकडं बघत उभा राहिलो. नऊ मिनिटं. पापणी हलली नाही.

मी उजव्या हाताची बोटं नाकाला लावली.

पेट्रोलचा वास होता.

तसाच उठून आक्काकडं गेलो. आक्का म्हणजे नानांची बायको, माझी चुलती. आमच्या शेजारच्या खोलीत एकटी राहते. तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्या पायाशी बसलो आणि सगळं सांगून टाकलं. हुपरीचा रस्ता, दांडी, माझं गप्प बसणं. बोलताना रडलो. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

बराच वेळ खडे काढत राहिली.

"अकरा वर्सं," ती म्हणाली. "रोज पहाटं उठून ते शेडात जायचं. ताडपत्री उचलून त्या दांडीला हात लावून बघायचं. मागं हाय का न्हाय. येऊन मला इचारायचं, शालू, मी आत्ता बघितलं न्हवं?"

"आक्का, मला माफ कर."

"मला कशाला सांगतुयास? मी काय करू आता?" तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला. "तू बघ आता. रोज बघ."

तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं.

त्यानंतर दांडी पुढं झालेली मी कधी बघितली नाही. गौसचाचांनाही सगळं सांगितलं. ते म्हणाले, सांगून टाकलंस, मोकळा झालास. मलाही दोन दिवस तसंच वाटलं.

पण पावणेसहाला मी रोज शेडमध्येच असतो. अंथरुणातून कधी उठलो ते आठवत नाही. हात दांडीवर असतो. ती मागं असते. बाहेर येतो, कुलूप लावतो... आणि दाराशीच वाटतं, नीट बघितलं का? परत कुलूप काढतो.

गेल्या महिन्यात व्हॅनची किल्ली वसीमला दिली. गौसचाचांचा पुतण्या, चांगला चालवतो. मुलांच्या आयांनी विचारलं, काय झालं? मी तब्येतीचं कारण सांगितलं. मॅचलेस विकायला काढली होती. गिऱ्हाईक आलं, पण गाडी शेडबाहेर ढकलताना मीच आडवा आलो म्हणे. अनुजा सांगते. मला आठवत नाही.

काल पहाटे शेडमधून बाहेर आलो तेव्हा आक्का अंगणात सडा टाकत होती. मी म्हटलं, आक्का, लवकर उठलीस?

तिनं माझ्याकडं बघितलं. हातातली बादली खाली ठेवली.

डोक्यावर पदर घेतला... आणि मान खाली घालून, नानांना द्यायची तशी मला वाट देत बाजूला उभी राहिली.