एकोच्या बटणावरची चिकटपट्टी

धम्मशीलानं हो म्हटलं. रविवारी सायंकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी, पालमच्या जयंतीच्या मंडपात, मिक्सरमागं उभं राहून.

पण हे तुम्ही ऐकलेलंच नाही. कोणी काही विचारलं नाही, कोणी हो म्हटलं नाही. आज अजून आधीचा सोमवार आहे, दुपारचं ऊन आहे, आणि सेलूच्या सिद्धोधन साऊंड सर्व्हिसमध्ये धम्मशीला एकटीच वायरींची गुंडाळी करत बसली आहे.

दारात एक तरुण आला. पाठीवर गिटार, दोन्ही हातांत साबणाच्या वडीएवढी एकेक लोखंडी डबी.

"नऊ व्होल्टची बॅटरी हाय का? सगळं सेलू पालथं घातलं."

"हाय. कशाला पायजे?"

"ह्या डिले पेडलला. गिटारवर एक सूर वाजवला की थोड्या वेळानं ही डबी तोच परत वाजवती."

"आमच्या पार्वतीआत्यासारखं."

"आत्याला बटणं हायत का?"

"असती तर केव्हाच कमी केली असती."

तो हसला. बुद्धभूषण त्याचं नाव. जिनिंगमध्ये कापसाच्या वजनाला होता आणि सुट्टीत सूर्यभानकाकांच्या गायन पार्टीत गिटार वाजवायचा. त्याच्या भुवईला कापसाचा एक तंतू चिकटला होता. तो सांगावा की राहू द्यावा, या विचारात तिनं पुढचा अर्धा तास काढला.

"एक डबी ठेवायची, एक शनिवारपर्यंत नांदेडला परत करायची," तो म्हणाला. "मागच्या कार्यक्रमात माझ्या लीडचा, म्हंजी एकट्या गिटारच्या तुकड्याचा, पार चिखल झाला. काका म्हणले, पालमला सूर न् सूर कळला तर तू, न्हाईतर तुझ्या जागी कीबोर्डवाला."

"वाजवा बघू."

त्यानं गिटारच्या पिशवीतून आवाज खरखरीत फाडणारी तिसरी डबी काढली, डिलेच्या नंतर जोडली आणि वाजवलं. एका सुरामागं पन्नास सूर आले आणि सगळे एकाच दारातून बाहेर पडायला लागले. धम्मशीलानं वाकून पाहिलं. डिलेची तिन्ही बटणं शेवटपर्यंत फिरवलेली.

"इतकी कशाला?"

"दिलेत तर वापरावं म्हणलं."

सातवीत असल्यापासून मिक्सर सांभाळणाऱ्या मुलीला यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. तिनं फक्त तिसऱ्या डबीची वायर काढून ती डिलेच्या आधी लावली. "आवाज आधी फाडायचा, मग डिलेत पाठवायचा. तुमी परत आलेला फाडायलात."

मग तिनं डिलेच्या दोन्ही डब्या ऐकल्या. पहिली प्रत्येक सूर जसाच्या तसा, करकरीत परत करायची. दुसरीत तो प्रत्येक वेळी थोडा मऊ, थोडा धूसर व्हायचा.

"पहिली तुमाला उलटून बोलायली," ती म्हणाली. "दुसरी बघा... हळूहळू मागं सरकायली. लीडला हीच ठेवा. मागं कोणीतरी हाय एवढं कळावं, पण मधी बोलू न्हाई."

"तुमी अशा हाव का?"

"न्हाई. मी मधी बोलते."

तिनं काउंटरवर बोटांनी ढोलकीचा ठेका धरला. तो वेळेचं बटण फिरवत गेला — परत येणारा सूर दोन थापांच्या बरोबर मध्ये बसेपर्यंत. सूर किती वेळा परत यावा? तीन. आणि किती मोठ्यानं?

"एकदम कमी करा. आता केसभर वाढवा. चालू असताना कळू न्हाई, पण बंद केलं की काहीतरी गेल्यासारखं वाटावं..."

हे वाक्य डबीबद्दल होतं. तरी दोघांनीही डबीकडं बघायचं टाळलं.

मग तिनं पर्समधून नेलपॉलिश काढली आणि तिन्ही बटणांवर एकेक लाल ठिपका दिला. हलली तरी जागा सापडावी म्हणून. त्याच वेळी तिनं तो तंतूही काढला. बुद्धभूषणनं डोळे मिटून घेतले, डोळ्याचं ऑपरेशन चालू असल्यासारखे.

मंगळवारी तो बॅटरी न्यायला आला. बुधवारी दोनदा. शुक्रवारपर्यंत त्याच्याकडे अकरा बॅटऱ्या झाल्या. पेडलला एक लागते.

रविवारी पालमला दुपारी चाचणी झाली आणि लीडचा पुन्हा चिखल झाला. बुद्धभूषणनं खाली पाहिलं. लाल ठिपके जागच्या जागी. त्यानं धम्मशीलाकडं पाहिलं. कीबोर्डवाला येऊन बसलाच होता, जिलेबी खात.

धम्मशीलाला कारण माहीत होतं. मिक्सरचा स्वतःचा एको, डबीच्या वर आणखी एक. तिच्या पप्पांनी, सिद्धोधन यांनी, प्रत्येक माइकच्या एकोचं बटण पूर्ण फिरवून त्यावर चिकटपट्टी लावली होती. "एको कमी झाला की लोक म्हणतेत, मशीन बिघडलं," हे त्यांचं मत. मिक्सर बदलला तेव्हा पट्ट्या जुन्यावरून काढून नव्यावर लावल्या गेल्या. त्या पट्ट्यांना आजवर घरात कोणी हात लावला नव्हता, आणि पप्पा शेजारच्याच खुर्चीत बसले होते.

सहा वाजता कार्यक्रम सुरू झाला. तिसऱ्या गाण्यात लीडची जागा आली. धम्मशीलानं नखानं चौथ्या, गिटारच्या बटणावरची पट्टी उचलली... सोलली... आणि गिटारचा एको शून्यावर आणला.

सूर निघाला. एकटा, स्वच्छ. मागं केसभर अंतरावर त्याचीच मऊ सावली. सूर्यभानकाका पुढची ओळ विसरून ऐकत राहिले. कीबोर्डवाल्यानं उरलेली जिलेबी कागदात बांधली.

पप्पांनी पट्टीकडं पाहिलं. मग तिच्या लाल नखाकडं. मग स्टेजवरच्या डबीच्या ठिपक्यांकडं.

"रंग एकच हाय," ते म्हणाले.

गाणं संपलं, काका पाणी प्यायला वळले. बुद्धभूषणला वाटलं, शेजारचा त्यांचा माइक बंद आहे. मिक्सरकडं बघत, तिच्यापुरतं, ओठांवरून कळेल एवढ्याच आवाजात तो पुटपुटला, "आता बॅटरीचं निमित्त नको... सरळ पप्पांनाच विचारायला येऊ का?"

माइक चालू होता. त्याची पट्टीही शाबूत होती.

येऊ का... येऊ का... येऊ का...

एकदाच विचारलं असतं तर ऐकू आलं नाही म्हणता आलं असतं. त्यानं आठ वेळा विचारलं. मंडपातली सगळी डोकी मिक्सरकडं वळली. धम्मशीलाला मान हलवता आली असती. पण तिच्या हातात चाचणीचा माइक होता.

"हो," ती म्हणाली. आठ वेळा.

पप्पांनी सोललेली पट्टी घडी करून खिशात टाकली. मग खुर्ची तिच्याजवळ सरकवून म्हणाले, "बघ. एको कामाला आला ना."

तरी पालम येथील तमाम उपस्थितांस विनंती करण्यात येते की, सदर रविवारी सायंकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी मंडपात ऐकू आलेला प्रश्न (एक, आठ वेळा) व त्याचे उत्तर (एक, आठ वेळा) आपण ऐकलेच नाही असे समजावे; आणि तसे प्रत्येकाने स्वहस्ताक्षरात लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी, सात दिवसांच्या आत सिद्धोधन साऊंड सर्व्हिस, सेलू येथे समक्ष आणून द्यावे, म्हणजे मुलीला दुकानात मान वर करून बसता येईल.