डोये, डोले

दवाखान्यातून घरी आणल्यापासून निवृत्ती रोज दुपारी बायकोला, पुष्पाबाईला, एकेक शब्द शिकवायचा. पेज भरवली की खाटेशी बसायचा, आपल्या नाकाला, कानाला, डोळ्याला बोट लावायचा आणि वाट बघायचा. तीन आठवडे ती ना उठली होती, ना बोलली होती.

बीटी कपाशीला फवारा लागत नाही म्हणता म्हणता त्या साली तिसरा फवारा चालला होता. पंपात औषध कालवून द्यायला पुष्पाबाई आणि शेजारची बानो होत्या. वारा फिरला. दोघी पऱ्हाटीच्या धुऱ्यावर, बांधाशीच कोसळल्या. बानो धाडच्या दवाखान्यापर्यंतही पोचली नाही, वाटेतच गेली.

आज त्यानं डोळ्याला बोट लावलं आणि तिचे ओठ हलले.

"डोले..."

निवृत्तीचं बोट तिथंच राहिलं. त्याच्या घरात सगळे डोये म्हणत. डोले म्हणायची ती बानो. बऱ्हाणपूरची लेक, बारा वर्षं नांदली, पण जीभ वळली नाही. पुष्पाबाई चिडवायची, "डोये म्हन व, एकदा तरी." बानो हसायची, "मेरे कू नइ आता भाभी, जबान मोटी है मेरी."

आवाजही तोच. जरासा घोगरा.

दाराशी सायकल टेकली. बानोचा नवरा शकूर आत येणार, तोच खाटेवरून पुन्हा आलं, "डोले... जलते..."

शकूर उंबऱ्यावरच बसला. टोपी काढून त्यानं मुठीत धरली. घरात फवाऱ्याच्या औषधाची बाटली नव्हती, तरी तो उग्र वास हळूहळू भरत गेला.

"शकूरभाई, हा तं बानोचा आवाज..." निवृत्ती म्हणाला.

"मी तेच सांगाले आलो, भाऊ." शकूर खाली बघत म्हणाला. "तुमच्या पऱ्हाटीत दुपारले बाई कन्हते. मले वाटलं, माही बानो. रोज जाऊन बसतो. पन ते... डोये म्हनते."

निवृत्ती ताडकन उठला. मग शकूरकडे बघून थांबला.

"पुष्पाले घरी आनलं, तं तुही बानो..."

"जाऊ द्या तिले." शकूरनं टोपी डोक्यावर ठेवली. "चाला. एक तं घरी येऊ द्या."

दोघं अंगणात उतरले. मागं खाट करकरली.

"ठैरो जी... मैं बी आती."

निवृत्तीनं वळून पाहिलं. पुष्पाबाई दारात उभी होती, पायात चपला घालून.