मागून दिलेली रायफल

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातलं काहीही मी पदरचं घातलेलं नाही.

गेल्या वर्षीचा एकोणीस सप्टेंबर. दुपारचे चार. अलास्कात आमच्या गावाबाहेर एक बंद पडलेली खडीची खाण आहे. तिथे मी आणि व्हेल्मा मावशी नेमबाजीचा सराव करत होतो. समुद्राकडून धुकं सरकत येत होतं.

मावशीने तीस वर्षं शिकाऱ्यांना अस्वलांच्या रानात नेलं. आता ते काम मी घेणार होतो.

पण मोठ्या रायफलचा धक्का मला सोसायचा नाही. चाप ओढण्याआधीच डोळे मिटायचे, नळी खाली जायची. अस्वल अंगावर आलं असतं, तर माझ्यासोबत शिकारीला आलेला पाहुणाही मेला असता.

"टोबियास, खेचराने लाथ मारायच्या आधीच कोलमडतोस की रे!" मावशी हसली. "आता रायफल मी मागून देणार. कधी भरलेली, कधी रिकामी, तुला कळणारच नाही. तू फक्त समोर बघ."

मी कानांवर आवाज अडवणारी जाड झाकणं चढवली.

पहिल्यांदा... खट्. रिकामी! तरीही मी दचकलो.

दुसऱ्यांदाही तेच.

तिसऱ्यांदा रायफल यायला उशीर झाला...

हातात आली, तेव्हा ती बर्फासारखी गार होती.

मग उजव्या खांद्यावर मागून एक तळहात टेकला. जड. मावशी आधार देतेय, असं वाटलं.

मी चाप ओढला.

धाड!

खांदा तसूभरही हलला नाही.

"जमलं, मावशी!"



मी कानावरचं झाकण उचललं. मावशीचा आवाज आला. पण लांबून, गाडीजवळून.

"अरे, गोळी कुणी झाडली?"

"मीच! तूच दिलीस ना रायफल?"

"मी कुठली देते? रिकामीच ठेवून आलेय तुझ्यामागे! काडतुसांची पेटी गाडीतच राहिली होती, ती ही बघ माझ्या हातात!"

तळहात अजून माझ्या खांद्यावर होता.

मला मान वळवता येईना.

मग एकेक बोट सुटत गेलं... सावकाश.

मावशी धावत आली. तिने रायफल उघडली. आतून झाडलेल्या काडतुसाचं नळकांडं पडलं. जुनं, हिरवट गंज चढलेलं. अस्वलासमोर कधी न डगमगलेली माझी मावशी... दोन पावलं मागे सरकली.

"गाडीत बस," एवढंच ती म्हणाली.

या वर्षी मी दोन अस्वलं पाडली. दोन्ही एकेका गोळीत. धक्का जाणवतच नाही. चाप ओढण्याआधी खांद्यावर ते ओझं येतं, गोळी सुटली की उतरतं.

आधी लगेच उतरायचं.

परवा घरी जेवायला बसलो होतो. रायफल कपाटात, कुलपात होती...

आणि खांदा जड झाला.

मावशीला मी अजून सांगितलेलं नाही.