शेवटच्या गाण्यातली नववी

चौऱ्याण्णव सालचा चैत्र. तव्यावरची भाकरी उलटता उलटता छबूबाई म्हणाली, "रावजी, काल इंदापूरच्या टॉकीजात सारजा दिसली मला. शेवटच्या गाण्यात."

रावजीचा हात ताटातच थांबला. मग तो हसला. शेळगावात भेंडी-वांगी पिकवणारा हा गडी, कुणी भुताखेताचं काढलं की त्याची खिल्ली उडवल्याशिवाय राहायचा नाही. "आये, तुझी नजर अधू झालीय. पडद्यावर समद्या बाया सारख्याच दिसत्यात."

"माझी लेक हाय ती. वळखती मी."

सारजा सिनेमात जायला मुंबईला पळाली, असं एकवीस वर्षांपूर्वी रावजीनंच गावभर केलं होतं. तेव्हापासून म्हातारी लागेल तो सिनेमा बघायची आणि नाचणाऱ्या पोरींत लेक शोधायची. पण सारजा कुठंच गेली नव्हती. शेतातल्या भांडणात रावजीनं तिला ढकललं, ती विहिरीत पडली, आणि हा काठावर नुसता उभा राहिला. पुढं त्यानं विहीर बुजवून टाकली. आईला यातलं अक्षर माहीत नव्हतं, आणि तिच्या जिवात जीव असेपर्यंत ते तसंच राहावं, एवढीच त्याची धडपड होती.

तिच्या मनातलं खूळ काढायचं म्हणून दुसऱ्या दिवशी तोच तिला मॅटिनीला घेऊन गेला.

वर तापलेला पत्रा, खाली शेंगांची टरफलं. चित्रपट जुना, काळा-पांढरा. हॉटेलातल्या गायिकेचा खून होतो आणि भर उन्हाळ्यात ओव्हरकोट घालून फिरणारा गुप्तहेर खुनी शोधतो. दर पंधरा मिनिटांनी एक गाणं. गात गात कुणी खुनी शोधतं का, म्हणून रावजीला हसू आलं.

शेवटी गुप्तहेरानं सगळ्या संशयितांना एकत्र बसवलं आणि मेलेल्या गायिकेचं गाणं पुन्हा वाजवायला लावलं. मेणबत्त्या घेऊन नाचणाऱ्या पोरी जिना उतरू लागल्या. रावजीनं मोजल्या. आठ. त्यांत सारजासारखी एकही नव्हती. त्याला हायसं वाटलं.

मग नववी उतरली.

तिच्या हातात मेणबत्ती नव्हती. अंगावर साधं सुती पातळ, केस ओलेचिंब. पायऱ्यांवर पाणी ठिबकत होतं आणि गुप्तहेर त्याच पाण्यातून बेफिकीर चालत होता.

ती पुढं येत राहिली. पडदाभर चेहरा झाला.

सारजाचाच.

"खूनी कौन है?" गुप्तहेरानं विचारलं.

गाणं थांबलं. तिनं रावजीकडं पाहिलंसुद्धा नाही. शेजारी बसलेल्या छबूबाईकडं बघून तिचे ओठ हलले.

दिवे लागले. मागून कुणीतरी म्हणालं, "मला वाटलंच हुतं, हॉटेलचा मालकच आसंल!"

"आये," रावजीनं तिचा दंड धरला, "काय म्हनली ती?"

छबूबाईनं त्याच्याकडं बघितलं. दंड सोडवून ती दाराकडं निघाली.

दोघं एसटीनं परत निघाली. गावाच्या अलीकडं, मळ्याजवळ तिनं गाडी थांबवायला लावली. भेंडीच्या वाफ्यांतून ती तरातरा चालत गेली. विहीर होती तिथं आता काहीच खूण नव्हती. कॅनॉलची पाळी चुकल्यानं महिनाभर पाणी नव्हतं, जमिनीला भेगा गेलेल्या.

नेमक्या त्या जागी ती बसली. न्हालेल्या लेकीचं डोकं पुसावं तशी पदरानं माती पुसू लागली.

"किती भिजलीस गं बाई," ती म्हणाली, आणि पदर पिळला.

पिळलेलं पाणी रावजीच्या पायापर्यंत वाहत आलं.