चालठसा

सीनानगरात कुणी ओळखपत्र बाळगत नसे. प्रत्येक चौकात एक राखाडी खांब होता. त्याच्यासमोरून दहा पावलं चाललं, की माणूस कोण ते खांबाला कळे. दोन माणसांच्या बोटांचे ठसे सारखे नसतात, तशीच त्यांची चालही सारखी नसते. गुडघा किती वाकतो, कंबर कुठे झुलते, आधी टाच टेकते की चवडा, अशा तीनशे मोजमापांतून खांब जी खूण तयार करी, तिला लोक ‘चालठसा’ म्हणत. पोलिसांनी खांबाला आणखी एक काम लावलं होतं. एखाद्याची चाल गुन्हेगारांच्या चालीशी फार जुळली, की पिवळा दिवा लागे. मग झडती व्हायचीच, माणूस कुणीही असो.

चालठसा शोधून काढला डॉ. शलाका राजोपाध्ये यांनी. शहरातल्या चोऱ्या कमी झाल्या, शलाकाचा सत्कार झाला. पिवळा दिवा लागताना मात्र तिने कधी समोर उभं राहून पाहिला नव्हता.

तो तिला मंडईच्या चौकात दिसला, भर दुपारी. पन्नाशीचे एक शिक्षक शाळेच्या पंधरा मुलींना घेऊन वस्तुसंग्रहालयाकडे निघाले होते. दिवा लागला. हवालदार जवळ येण्याआधीच शिक्षकांनी मुलींना थांबवलं.

“सगळ्यांनी तिकडे वळा. टॉवरच्या घड्याळाकडे बघा. दोन वाजून वीस मिनिटं झालीत. दोन काट्यांमधला कोन किती?”

मुली वळल्या. त्यांच्या पाठीमागे शिक्षकांनी हात वर केले. हवालदाराने खिसे चाचपले, पिशवी उलटी केली, बूट काढायला लावले.

“पन्नास अंश, सर,” एक मुलगी म्हणाली. “आता वळू?”

“थांब. पाच मिनिटांनी किती होईल, तेही काढ.”

मुलींना सगळं ठाऊक होतं. एकीनेही मागे वळून पाहिलं नाही.

शलाका पुढे झाली. तिने स्वतःची ओळख सांगितली. “काहीतरी चूक होतेय, सर. यंत्राला जातपात कळत नाही.”

“असेल,” बुटाची नाडी बांधत ते म्हणाले. “मी संदिपान काळे. पारधी आहे. या वर्षातली ही एक्केचाळिसावी वेळ, मॅडम.”

“तुम्ही प्रयोगशाळेत या. मी दुरुस्त करून देते.”

रविवारी काळे सर आले. अनवाणी पायांनी ते भार मोजणाऱ्या काळ्या पट्टीवर चालले आणि पडद्यावर त्यांच्या पावलांचे रंगीत नकाशे उमटत गेले. शलाकाने त्यांना समजावून सांगितलं, “यंत्राला ‘गुन्हेगार’ म्हणजे काय ते कळत नाही. आम्ही त्याला तुरुंगांच्या आवारातली बारा हजार कैद्यांची चित्रणं दाखवली, आणि सामान्य लोकांचीही दाखवली. फरक त्याचा त्यानेच शोधला.”

“कुठला फरक?”

“तेच शोधतेय.” ती नकाशावर वाकली. “तुम्ही टाचेवर भारच टाकत नाही. पावलाच्या बाहेरच्या कडेने चालता. पायाला काही झालं होतं?”

काळे सर स्टुलावर बसले. मग त्यांनी मोजे घातले आणि मोजे घातल्यावरच बोलले.

“एकोणीस वर्षांचा होतो. आमच्या तालुक्यात संदिपान काळे नावाचे तिघे होते. पोलिसांना हवा होता दुसरा. सहा दिवस ठेवलं. तळव्यांवर पट्टा. सातव्या दिवशी म्हणाले, चूक झाली, जा.” त्यांनी मोजा वर ओढला. “बायकोला सांगितलं, चिंचेवरून पडलो होतो. मुलीलाही तेच. मारणाऱ्यांना काही वाटलं नाही, मॅडम. लाज मलाच वाटत आली.”

शलाकाला आता नकाशाचा अर्थ लागला. टाचेखाली चरबीची एक गादी असते. तळव्यांवर मार बसला की ती फाटते आणि पुन्हा भरून येत नाही. पुढे जन्मभर माणूस टाच वाचवत चालतो. तिने त्याच रात्री कैद्यांची चित्रणं पुन्हा लावली. बारा हजारांपैकी ज्यांच्यासाठी पिवळा दिवा लागे, ते सगळे टाच वाचवणारे होते. एका बँकेचे कोट्यवधी बुडवून शिक्षा झालेला अध्यक्ष मात्र हिरव्या दिव्यातून ताठ निघून जाई. त्याला कुणी हात लावला नव्हता. यंत्राला गुन्हा ओळखता येत नव्हता. त्याला कोठडीतला मार ओळखता येत होता. आणि कोठडीत पिढ्यान्‌पिढ्या आधी कुणाला नेलं जातं, हे सांगायला यंत्राची गरज नव्हती.

पोलीस आयुक्तांनी अहवाल शांतपणे वाचला. “टाच वगळली तर काय उरतं?”

“काहीच नाही. मग नाणं उडवलेलं बरं.”

“मग टाच राहू दे. आपण समिती नेमू.” अहवाल खणात ठेवत ते म्हणाले, “बाहेर बोललात, तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारतील. चित्रणं निवडली कुणी?”

ती तिनेच निवडली होती. त्या दिवशी ती बाहेर काहीच बोलली नाही. पुढच्या दिवशीही नाही.

महिन्याभराने काळे सर पुन्हा आले. सोबत त्यांची मुलगी होती. किमया अठरा वर्षांची, नुकतीच परिचारिकेच्या शिक्षणाला लागलेली. आठवड्यात तिला तीनदा थांबवलं होतं.

“हिला तर कुणी बोट लावलेलं नाही,” काळे सर म्हणाले.

शलाकाने तिला पट्टीवर चालायला सांगितलं. बापाचा नकाशा आणि लेकीचा नकाशा शेजारी ठेवले तर जवळजवळ एकच दिसत होते. लेकरू ज्याचं बोट धरून चालायला शिकतं, त्याची चाल उचलतं. किमयाच्या टाचा धडधाकट होत्या. ती त्या उगाचच वाचवत होती.

“म्हणजे माझ्यामुळे,” काळे सर म्हणाले.

“बाबा, चिंचेवरून पडल्यामुळे ना?” किमयाने विचारलं.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. शलाकाने, खरं म्हणजे, तेव्हा बोलायला हवं होतं. ती पडद्याकडे बघत राहिली.

“मॅडम,” थोड्या वेळाने काळे सर हळूच म्हणाले, “यंत्र तर तुम्ही काढत नाही. मग हिला दुसरं चालायला शिकवा.”

तीन आठवडे रोज संध्याकाळी शलाका किमयाला पट्टीवर चालवत राहिली. टाच टेक, भार टाक, मग चवडा. पहिल्या आठवड्यात किमयाच्या पोटऱ्या दुखत. दुसऱ्या आठवड्यात ती एकदा मध्येच थांबली आणि म्हणाली, “कॉलेजात टाचेच्या इजा शिकवल्या. चिंचेवरून पडल्यावर दोन्ही तळवे असे होत नाहीत.” किमयाने पुन्हा पहिलं पाऊल टाकलं, टाचेवर.

शेवटी तिघं चौकात गेली. किमया एकटी खांबासमोरून चालली. हिरवा. पलीकडे जाऊन ती वळली आणि तिने हाक मारली, “बाबा, या ना!”

काळे सर जागचे हलले नाहीत. “तू हो पुढे,” ते म्हणाले. आणि शलाकाकडे न बघता सांगितलं, “माझ्या शेजारून चालली, की तिचं पाऊल परत माझ्यासारखं पडतं. म्हणून आता आम्ही घरातूनसुद्धा वेगवेगळे निघतो.”