चौदाव्या दिवसाची लीद

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तिने प्रयोगशाळेच्या टेबलावर घोड्यांच्या लिदीचे अकरा डबे मांडले.

"दिवसभर हेच बघता?" तिने विचारलं.

"हेच," सूक्ष्मदर्शकातून डोकं न काढता तो म्हणाला. मग काढलं. "म्हणजे... आत्तापर्यंत तरी हेच बघत होतो."

लिदीतली जंतांची अंडी मोजणं हे त्याचं काम, म्हणून तिने त्याचं नाव ठेवलं अंडीमास्तर. ती तबेल्याच्या मालकाची मुलगी. तिचे बाबा दर दोन महिन्यांनी सगळ्या घोड्यांना जंतांचं एकच औषध देत, तेही वजनाचा अंदाज नजरेनेच बांधून. तरी आठ महिन्यांचं शिंगरू वाळत चाललं होतं. पोट सुटलेलं, बरगड्या मोजता येतील अशा.

अंडीमास्तरने शिंगराच्या लिदीतली अंडी औषधाआधी मोजली आणि चौदा दिवसांनी पुन्हा. आधी ग्रॅममागे आठशे पन्नास, नंतर आठशे.

"औषधाला दाद न देणारे जंतच उरलेत. आता त्यांचीच पिल्लावळ वाढतेय."

"वीस वर्षं हेच देतोय मी!" बाबा फोनवर गरजले.

"म्हणूनच, काका."

दुसरं एकच औषध शिल्लक होतं. "हे लागू पडलं नाही, तर माझ्याकडे पुढचं नाही," त्याने तिला स्पष्ट सांगितलं. या वेळी औषध फक्त ज्यांची अंडी जास्त त्यांनाच, आणि वजन मापूनच. छातीच्या घेरावरून वजन सांगणारी पट्टी घेऊन तो तबेल्यात आला. शिंगराच्या छातीभोवती पट्टी फिरवताना पलीकडून तिचा हात आला — आणि पट्टी बराच वेळ कुणीच वाचली नाही.

मग रोज संध्याकाळी त्याचा फोन.

"शिंगरू काय म्हणतं?"

"ते काही म्हणत नाही. मी म्हणते."

"मग तुम्ही काय म्हणता?"

"चौदाव्या दिवशी सांगेन..."

चौदाव्या दिवशी ती न्हाऊन, नवा निळा कुर्ता घालून निघाली. "लीद पोचवायला चाललीस की लग्नाला?" बाबांनी विचारलं.

मोजणी झाली. एकही अंडं नाही! तिने टाळीच वाजवली. त्याने नाही.

"डबा कधी भरलात?"

"काल दुपारी."

"ठेवला कुठे?"

"गाडीत..."

"उबेत अंडी फुटून अळ्या बाहेर पडतात. मग मोजायला काही उरत नाही. हा आकडा धरता येणार नाही." त्याने डबा बाजूला सारला. "दर वेळी ताजी आणता. आजच का नाही?"

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "सकाळी लीद गोळा केली की वास दिवसभर जात नाही. तुमच्यासमोर एकदा तरी... त्या वासाशिवाय यायचं होतं."

त्याचे कान लाल झाले. "मला आवडतो तो. म्हणजे... तो आला की कळतं, तुम्ही आलात."

ताजा नमुना घ्यायला दोघं तबेल्यात गेले. शिंगराच्या मागे डबा धरून चाळीस मिनिटं उभे. ते निवांत गवत चघळत होतं.

"जावई असा मिळेल असं वाटलं नव्हतं," बाबा स्टुलावरून म्हणाले.

"कोण जावई?" दोघंही एकदम.

"मी शिंगराशी बोलतोय."

शेवटी डबा भरला. अंडीमास्तरने त्यावर वेळ लिहिली, अकरा वाजून पाच मिनिटं, आणि बर्फात ठेवला.

मोजायच्या काचेला दोन कप्पे असतात. बारा वीसला पहिला कप्पा मोजून झाला. त्यात काही नव्हतं. तिने टेबलावरचा त्याचा हात धरला.

"असं धरलंत तर चुकेल."

"चुकू दे. पुन्हा मोज."

तिच्या तोंडून 'तुम्ही' गळून पडलं, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

साडेबारापर्यंत दुसरा कप्पा मोजायला सुरुवात झाली नव्हती. हात अजून सुटलेला नव्हता.