मुठीतला खडा

चिठ्ठ्यांच्या डब्यात दोघांचे हात एकदमच गेले आणि आतच अडकले.

“आधी तुझा काढ ना!” ती म्हणाली.

“तुझ्याच हाताखाली अडकलाय. काढू कसा?”

वादविवाद स्पर्धेच्या पडद्यामागे अशी त्यांची ओळख झाली. विषय होता लग्नाआधीचे शरीरसंबंध, आणि कुणी कोणत्या बाजूने बोलायचं ते ठरणार चिठ्ठीवर. ती कायद्याच्या शेवटच्या वर्षाला, मैत्रिणींची वकीलबाई. तिला आलं ‘बाजूने’. तो भूगर्भशास्त्र शिकणारा, मित्रांचा दगडोबा. त्याला ‘विरोधात’.

ती बोलली, आणि काय बोलली! “दोन सज्ञान माणसांच्या मनाला तिसऱ्याचा शिक्का कशाला?” पोरांनी सभागृह डोक्यावर घेतलं. मग तो उभा राहिला. बोलला शांतपणे, पण उजवी मूठ शेवटपर्यंत घट्ट मिटलेली. तिला कुठलं राहवतंय! खाली उतरताच विचारलं, “मुठीत काय लपवलंयस?”

त्याने मूठ उघडली. काळा, गुळगुळीत खडा.

“भीती वाटली की धरतो. कुणाला सांगू नकोस हं.”

“आणि सांगितलं तर?”

“तर... तुझं तोंड बंद ठेवायला मला रोज कॉफी पाजावी लागेल.”

तो पाजत राहिला, ती पीत राहिली. बघता बघता वर्ष सरलं. वकीलबाई प्रेमात गळ्यापर्यंत बुडाल्या! पण ती बाजू चिठ्ठीतली होती, माझी नव्हे, एवढं काही तिच्या तोंडून निघेना. त्याला काय वाटेल? व्यासपीठावर वाघीण, खाली उतरली की शेळी!

मग एका दुपारी तो बुटांकडे बघत म्हणाला, “मित्र गावाला गेलाय. खोलीची किल्ली माझ्याकडे आहे. म्हणजे... तुला हवं असेल तर.”

“चल की,” ती म्हणाली. म्हणून तर बसली, पण जिना चढताना एकेक पायरी मोजत राहिली.

खोलीत एक पलंग, खुर्चीवर कपड्यांचा ढीग, आणि नीट न लागणारी खिडकी. खाली कुणीतरी बादली भरत होतं. दोघं पलंगाच्या दोन टोकांना बसले, गाडीची वाट बघत असल्यासारखे. मग तो जरासा सरकला. त्याच्या केसांना साबणाचा वास होता. हा माणूस तिला फार आवडत होता. आणि तरीही आतून नको, नको असंच येत होतं. म्हणावं, तर हा जाईल. न म्हणावं, तर स्वतःला तोंड कसं दाखवायचं?

“नको,” ती म्हणाली. “आज नको. त्या दिवशी मी चिठ्ठीतलं बोलले होते रे. माझं स्वतःचं अजून ठरलेलंच नाही.”

तिने पर्स उचलली. डोळे भरून आले होते, ते त्याला दिसू द्यायचे नव्हते.

“थांब ना,” तो म्हणाला आणि त्याने मूठ उघडली. आत तोच काळा खडा, घामाने ओला. “किल्ली घेतल्यापासून धरून बसलोय. म्हटलं, नाही विचारलं तर तुला मी जुनाट वाटेन.”

“अरे देवा! आणि तुझं मत?”

“माझीही चिठ्ठीच होती, बाई! तुझं ठरेल तेव्हा सांग. माझं ठरलं की मी सांगेन. लग्नाआधी की नंतर, ते आपण दोघं बघू.”

ती त्याच्याकडे बघतच राहिली. एवढासा शब्द, वर्षभर जिवाला घोर लावलेला. तो उच्चारला, आणि काहीच तुटलं नाही! उलट समोरचा माणूस होता त्याहून मोठा दिसायला लागला. असंही असतं? नको म्हटल्यावर माणूस असा जवळ येतो?

तिने त्याच्या तळहातावरचा खडा उचलून खिडकीत ठेवला आणि त्या मोकळ्या हातात आपला हात दिला.

“आता एक ऐक,” ती म्हणाली. “माझं प्रेम आहे तुझ्यावर.”

“बाजूने बोलतेयस की...?”

“गप रे. हे चिठ्ठी न काढता सांगतेय.”